ज्योत्स्ना थूलचं मनगट

कारंजा घाडग्याला, नागपूर-अमरावती रस्त्यावर, धाब्यांची रांग संपते तिथं माझं मेडिकलचं दुकान आहे आणि त्याला लागून थूलांचं टायरचं. मधे नुसता पत्रा. पलीकडे घन, म्हणजे मोठा हातोडा, पडला की माझ्या कपाटातल्या बाटल्या किणकिणतात. त्यामुळे ज्योत्स्नाबद्दल मी जे सांगतो ते थोडं पत्र्याआडून ऐकलेलं आहे आणि बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं.

दुकान तिच्या वडलांनी, प्रेमदासजींनी काढलं. दोन मुलं. थोरला अश्वजित शिकून वर्ध्याला सरकारी कचेरीत लागला. धाकटी ज्योत्स्ना बी.ए. झाली, आणि त्याच सुमारास प्रेमदासजींना दम्यानं धरलं. घन उचलला की छाती भरून यायची. दुकान विकायची बोलणी सुरू झाली तेव्हा ज्योत्स्नानं टायर उचकटायची लोखंडी टामी हातात घेतली आणि बापाला म्हणाली, "तुमी खुर्चीवर बसून सांगा. मी करतो."

आमच्याकडे पोरीसुद्धा 'मी करतो' म्हणतात, त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण पोरगी ट्रकचं चाक खोलते, हे लोकांच्या पचनी पडायला वेळ लागला. ड्रायव्हर खाली उतरून विचारायचा, "मिस्त्री कहाँ है?" ती म्हणायची, "सामने खड़ी है. कौनसा टायर?" एका स्थळाकडच्या पाहुण्यानं घरी चहा पिता पिता विचारलं, लग्नानंतर हे काम सोडशील ना? तिनं उलट विचारलं, "तुमी तुमची नोकरी सोडसान काय?" ते स्थळ तिथंच संपलं. प्रेमदासजी चार दिवस कुरकुरले आणि मग ती गोष्ट स्वतःच हसत हसत सांगू लागले.

तिशी गाठता गाठता तिचं उजवं मनगट दुखायला लागलं. अंगठ्याच्या बाजूला, हाडात. या धंद्यात मनगट दुखणं म्हणजे शिंप्याचे डोळे दुखण्यासारखं. तिनं पट्टी बांधली आणि काम चालू ठेवलं. दिवाळीनंतर तिथं फुगवटा आला. संत्र्याचे ट्रक सुरू झाले तेव्हा एका दुपारी नट आवळताना पाना तिच्या हातातून सुटला आणि खाली पडला. तिनं तो डाव्या हातानं उचलला, काम पुरं केलं, ट्रक लावून दिला, आणि माझ्या काउंटरवर येऊन हात ठेवला.

"बबनकाका, हे सूज नोय. आतून काहीतरी पोकळ होऊन राह्यलं."

एका मोठ्या शहरातल्या खाजगी दवाखान्यात अश्वजितनं तिला नेलं. एक्स-रे काढला. तिथल्या सर्जननं तो उजेडावर धरला. मनगटाशी हाडाचं टोक साबणाच्या फेसासारखं दिसत होतं आणि एका बाजूनं हाडाची कडच उरली नव्हती. तो म्हणाला, गाठ हाडाबाहेर पडली आहे, कोपराखालून हात काढलेला बरा, उशीर करू नका.

ज्योत्स्नानं विचारलं, "या आजाराचं नाव काय?"

"नाव नंतर कळेल. आधी जीव."

"तुकडा तपासला नाई, नाव मालूम नाई, अन् हात काढता?" ती खुर्चीवरून उठली. "नाव नसलेल्या आजाराले मी माहा हात देत नाई."

अश्वजित बाहेर येऊन तिच्यावर ओरडला. तो वाईट माणूस नाही, हे इथंच सांगतो. त्याला बहीण हवी होती, हात असो नसो. "जीव राह्यला तर एका हातानंही जगता येते, ज्योती. तुले कायची एवढी घमेंड आहे?"

"घमेंड नाई, दादा. मी फक्त नाव इचारलं."

नाव सावंगीला मिळालं. अश्वजित रुसून बसला होता आणि प्रेमदासजींना प्रवास झेपत नव्हता, म्हणून मी सोबत गेलो. आर्वीमार्गे एस.टी.नं वर्धा, तिथून ऑटोनं सावंगी मेघे. तिथं मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात हाडांच्या विभागात डॉक्टर मयुरी राऊत होत्या, आमच्या ज्योत्स्नाहून फार मोठ्या नसतील. त्यांनी सुईनं तुकडा काढला आणि दहाएक दिवसांनी बोलावलं.

"जायंट सेल ट्यूमर," त्या म्हणाल्या. "मराठीत महापेशींची गाठ म्हणा. हा नेहमीसारखा कॅन्सर नाही. सहसा शरीरभर पसरत नाही, पण जिथं होतो तिथलं हाड खाऊन टाकतो. हात काढायची गरज मला आज तरी दिसत नाही."

ज्योत्स्नानं आपलं मनगट उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाली, "खाते म्हंजे कोन खाते? मले दाखवता काय?"

दुसऱ्या कोणी डॉक्टरनं हसून टाळलं असतं. मयुरी मॅडम आम्हाला जिना चढून वरच्या प्रयोगशाळेत घेऊन गेल्या, काच लावली आणि तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. तिच्यानंतर मीही पाहिलं. गुलाबी रंगात बारीक जांभळे ठिपके, आणि मधे मधे मोठमोठे डाग, एकेका डागात ठिपक्यांचा ढीग.

"ते मोठे डाग म्हणजे महापेशी," मॅडम सांगू लागल्या. "साध्या पेशीत एक केंद्रक असतं. इथं एकेकीत पंचवीस, पन्नास. कारण त्या पेशी जन्मानं मोठ्या नाहीत. रक्तात फिरणाऱ्या, रोगजंतू खाणाऱ्या रक्षक पेशी असतात ना, तशा कितीतरी पेशी एकमेकींत मिसळून ही एक झालीय."

"आजारानं मिसळल्या?"

"मिसळणं हा आजार नाही. तुझ्या-माझ्या हाडात हे रोजच चालतं. अशा मोठ्या पेशी जुनं हाड झिजवतात, मागून दुसऱ्या पेशी येऊन नवं हाड घालतात. पण वाटेल तेव्हा मिसळता येत नाही. या रक्षक पेशींच्या अंगावर, बाहेरच्या बाजूला, रिसेप्टर असतात. त्यांच्यावर ठरावीक प्रथिन येऊन बसलं की पेशीच्या आत निरोप जातो, आता मिसळा. मग ती मिसळण्यासाठी लागणारी दुसरी प्रथिनं अंगावर आणते. प्रथिन आलंच नाही, तर शेजारी शेजारी असूनही त्या एकेकट्याच राहतात."

ज्योत्स्ना पुन्हा काचेत पाहू लागली. "मंग हे प्रथिन माह्या हातात एवढं आलं कुठून?"

"हे बारीक, साधेसुधे दिसणारे ठिपके पाहा. खरा बिघाड यांच्यात आहे. हेच ते प्रथिन अंगावर घेऊन बसलेत आणि थांबतच नाहीत. रक्षक पेशी येतात, मिसळतात, हाड खातात."

"म्हंजे खानाऱ्या ह्या, अन् बोलावनाऱ्या त्या."

"हो."

"अन् आजाराले नाव मातर खानाऱ्यांचंच." ती खुर्ची सरकवून उठली. "आता सांगा मॅडम, त्या बोलावनाऱ्यांचं काय करता?"

तर उपाय असा होता: एक इंजेक्शन, जे ते प्रथिन वाटेतच पकडतं. रिसेप्टरपर्यंत पोचू देत नाही. निरोप गेला नाही की नव्या महापेशी तयार होत नाहीत, जुन्या मरतात, आणि खाल्लेल्या जागेभोवती हाडाची कड पुन्हा धरू लागते. पण मयुरी मॅडमनी तिथंच दुसरी बाजूही सांगितली. बोलावणाऱ्या पेशी या इंजेक्शननं मरत नाहीत, त्यांचं फक्त काही चालत नाही. इंजेक्शन थांबलं की त्या पुन्हा सुरू होऊ शकतात. म्हणून काही महिन्यांनी ऑपरेशन लागणारच.

इंजेक्शन माझ्या दुकानातून मागवलं, फ्रिजमध्ये जपलं. पैशाचं कसं जमलं ते थूलांच्या घरातलं घरात राहू द्या. अश्वजितनं न बोलता त्यात हातभार लावला, एवढं मात्र सांगायला हवं.

ते महिने तिला जड गेले. मनगट पट्ट्यात, वजन उचलायला सक्त मनाई. हाड अजून अंड्याच्या टरफलासारखं होतं, एक झटका पुरला असता. पहिल्या इंजेक्शनांनंतर रक्तातलं कॅल्शियम उतरलं आणि ओठांना, बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या. मी मोजून गोळ्या द्यायचो आणि ती तोंड वाकडं करून चघळायची. प्रेमदासजींचा जुना सोबती हरिदास कामाला आला. तो चाकं खोलायचा आणि ज्योत्स्ना बापाच्या खुर्चीवर बसून टायरवर नुसता तळहात फिरवून खिळा कुठं आहे ते सांगायची. बाप मागच्या बाजेवर. लोक यायचे, बघायचे, सुस्कारे टाकायचे. एकदा ओळखीतल्या एक शकुंतलाबाई आल्या आणि म्हणाल्या, "बाईच्या जातीनं घन उचलला की असंच होते माय. देहाले सोसते काय ते?"

ज्योत्स्ना म्हणाली, "काकू, या आजाराचा अन् घनाचा काही संबंध नाई. मी स्वेटर इनत बसली असती तरी झाला असता. अन् तुमचे गुडघे काऊन गेले मंग? तुमी तं घन पाह्यलाही नाई."

शकुंतलाबाई पुन्हा सुस्कारे टाकायला आल्या नाहीत. गुडघ्याचं मलम मात्र माझ्याकडून नेतात.

एक्स-रेत फरक दिसू लागला. जिथं काहीच नव्हतं तिथं आधी पेन्सिलीची हलकी रेघ, मग ठळक कड. दुखणं तर कधीच थांबलं होतं. तेव्हा मयुरी मॅडमनी तिला आणि अश्वजितला समोर बसवलं आणि दोन रस्ते सांगितले. पहिला, हाडाचं ते टोकच पूर्ण काढायचं, पायातलं बारीक हाड तिथं बसवायचं आणि मनगट कायमचं जाम करायचं. गाठ परतण्याची शक्यता कमी, पण मनगट पुन्हा वाकणार नाही. दुसरा, गाठ आतून खरवडून काढायची आणि खड्डा हाडाच्या सिमेंटनं भरायचा. मनगट वाकेल, पण गाठ परतण्याची भीती जास्त. "इंजेक्शननं जे नवं हाड आलंय, त्याच्या आड त्या पेशी लपून राहू शकतात," त्या म्हणाल्या. "मला विचारशील तर मी पहिला रस्ता घेईन."

अश्वजित लगेच म्हणाला, "पहिलाच. इचारायचं काय त्यात?"

"दुसरा," ज्योत्स्ना म्हणाली.

"डॉक्टर सांगून राह्यल्या ना तुले!"

"त्यायनं दोन्ही सांगितले. दोन्हीतला धोका सांगितला. मले समजला. माहं मनगट अजून वाकते, दादा. वाकते तोवर मी ते आपल्या हातानं बंद करनार नाई. परत आली गाठ तं पाहू."

"मी सही करनार नाई."

"तुले कोन मांगितली? माहा हात, माही सही."

तिनं सही केली. मयुरी मॅडमनी एकदाच विचारलं, नक्की? आणि मग तिच्या म्हणण्याप्रमाणे ऑपरेशन केलं. अश्वजित आला नाही. मी आणि हरिदास बाहेर बाकावर बसलो होतो.

पुढचं दीड वर्ष, पावणेदोन वर्षं म्हणा, मी तिला पाहिलं आहे. मॅडमनी परवानगी दिली त्या आठवड्यात तिनं हरिदासला बाजूला केलं आणि ट्रकचं मागचं चाक एकटीनं उतरवलं. पाना फिरवताना मनगट असं वळायचं जणू कधी काही झालंच नाही. त्या काळात तिनं ट्यूबलेस टायरचं काम शिकून घेतलं, दुकानावर नवा पत्रा चढवला, आणि मिस्त्री कहाँ है हा प्रश्न आमच्या रस्त्यावरून जवळजवळ नाहीसा झाला. रोज येणारे ड्रायव्हर एकमेकांना सांगायचे, कारंजाला थांब, ताईकडे दाखव.

मग एका तपासणीत सिमेंटच्या कडेला काळी रेघ दिसली. पुढच्या वेळी ती रुंद झाली. गाठ परतली होती.

अश्वजित त्याच दिवशी वर्ध्याहून आला. दुकानात, ड्रायव्हरांसमोर, त्याचा बांध फुटला. "सांगितलं होतं ना? सांगितलं होतं का नाई? आता पुन्हा चिरफाड. तुह्या जिद्दीपायी!"

ज्योत्स्ना हातावरचं काळं ग्रीस चिंधीनं पुसत होती. घाबरली होती, हे मला दिसत होतं, कारण ती एकच बोट पुन्हा पुन्हा पुसत होती. पण बोलली ते स्पष्ट. "हो, आली परत. येईन असं मले पह्यलेच सांगितलं होतं, अन् मी हो म्हटलं होतं. आता मोठं ऑपरेशन करीन. पन मी चुकली असं म्हनशीन तं ते मी मान्य करनार नाई. हे मधातले दिवस माहे होते, दादा. ते मी वापरले."

प्रेमदासजी बाजेवरून म्हणाले, "अश्वजित, बस. पानी पी." बापाचा आवाज दम्यानं गेलेला, पण तेवढा पुरला. अश्वजित बसला, आणि या वेळी सावंगीला तोच सोबत गेला.

आता मनगट जाम करायचंच होतं. मयुरी मॅडम म्हणाल्या, "एकदा बसवलं की त्याच कोनात राहणार. बहुतेकांना थोडं मागं झुकलेलं सोयीचं पडतं. तू तुझं काम बघून सांग." ज्योत्स्नानं ते शब्दशः घेतलं. पुढच्या खेपेला ती पोत्यात चाकाचा मोठा पाना, टामी आणि घन घेऊन दवाखान्याच्या दारात उभी राहिली. पहारेकऱ्यानं पोतं उघडून पाहिलं आणि तिला अडवलं.

"हे हत्यार आत नेता येत नाही, बाई."

"हत्यार नोय, अवजार आहे. डॉक्टरनं बोलावलं याले."

"अवजाराला डॉक्टरनं बोलावलं?"

"हो. तुमी फोन करून इचारा. मी हलत नाई अथून."

अश्वजित मागं खाली मान घालून उभा. त्यानंच मला हे सांगितलं, आणि सांगताना हसत होता. शेवटी मयुरी मॅडम खाली आल्या. तपासणीच्या खोलीत त्यांनी तिच्या मनगटाला वेगवेगळ्या कोनांत पट्टा बांधला आणि प्रत्येक वेळी ज्योत्स्नानं पाना धरून पाहिला, टामी दाबून पाहिली. टेबलाच्या पायाला ओरखडा पडला. सरळ मनगटानं पकड सुटत होती, फार मागं नेलं की टामी अडत होती. मधला एक कोन सापडला. "हे," ती म्हणाली. "यातच बंद करा."

पायातलं हाड काढून हातात बसवलं, लांब पट्टी आणि स्क्रूंनी जोडलं. पहिले काही आठवडे हातापेक्षा पायानंच तिला जास्त रडवलं. कुबडी घेऊन ती दुकानात यायची आणि कुबडीनंच टायर ठोकून हवा किती आहे ते सांगायची. हाड जुळायला बरेच महिने लागले. मनगट आता वाकत नाही. ताट धुताना, वेणी घालताना त्रास होतो. वेणी तिनं कापूनच टाकली. घन डाव्या हाताकडे गेला. पाना ती खांद्यानं फिरवते, अंग सगळं त्यात घालून, आणि पाच बोटांनी धरून. गाठ अजूनपर्यंत परतलेली नाही. दर काही महिन्यांनी हाताचा आणि, ही गाठ क्वचित फुप्फुसात उतरते म्हणून, छातीचा एक्स-रे होतो, आणि त्या आठवड्यात ती कोणाशी धड बोलत नाही.

गेल्या थंडीत मयुरी मॅडमचा निरोप आला: विद्यार्थ्यांच्या वर्गात तुझ्या गाठीबद्दल शिकवायचंय, हाताचे फोटो दाखवू का? चेहरा आणि नाव दाखवणार नाही, तसा नियमच आहे.

ज्योत्स्ना म्हणाली, "फोटो कायले? मीच येतो. मी काही लपवन्यासारखं केलं नाई."

मी पुन्हा सोबत गेलो. उतरत्या बाकांचा मोठा वर्ग, पांढरे कोट घातलेली पोरंपोरी. पडद्यावर तेच गुलाबी चित्र, तेच मोठे डाग. एक वयस्क सर शिकवत होते. रिसेप्टर, प्रथिन, पेशी कशा मिसळतात, इंजेक्शन कुठं आडवं येतं, सगळं त्यांनी छान समजावलं. मग एक्स-रे दाखवत म्हणाले, "इथं पहिल्या टप्प्यात रुग्णानं डॉक्टरांचा सल्ला मानला नाही, आणि गाठ परतली."

ज्योत्स्ना पुढच्या बाकावर होती. ती उभी राहिली. "सर, थांबा. सल्ला मानला नाई असं नाई. मले दोन रस्ते सांगितले होते. त्यातला एक मी घेतला. तसं सांगा यायले."

सरांनी मयुरी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. सर म्हणाले, "बरोबर आहे. रुग्णानं दोन पर्यायांपैकी दुसरा निवडला." आणि पुढे गेले.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं भीत भीत विचारलं, "ताई, पहिल्यांदाच मोठं ऑपरेशन केलं असतं तर एक ऑपरेशन वाचलं असतं. आता वाईट वाटतं का?"

ज्योत्स्नानं उजवा हात वर केला. बाही मागं सरकली, लांब व्रण दिसला. "ऑपरेशन वाचलं असतं, खरं आहे. पाय दुखतो तवा मले आठवते ते. पन तू उद्या डॉक्टर होशीन, तं एक लक्षात ठेवजो. माह्यासारखी कोनी आली, अन् तिनं दुसरा रस्ता घेतला, तं तिच्यावर रागावू नोको. गाठ परतली तरी रागावू नोको. परत नीट कर."

मुलगी म्हणाली, "हो ताई."

"अन् नाव सांगत जा तिले. पह्यले आजाराचं नाव."

वर्ग सुटला. मयुरी मॅडमनी चहाला थांबा म्हटलं, पण ज्योत्स्नानं घड्याळ पाहिलं. हरिदास एकटा होता आणि संत्र्याचे ट्रक सुरू झाले होते. आम्ही ऑटो केला आणि आर्वीची एस.टी. धरली. खिडकीपाशी बसून तिनं दुकानात फोन लावला आणि बस वर्ध्याबाहेर पडेपर्यंत हरिदासला कुठला टायर आधी घ्यायचा ते सांगत राहिली.